उत्तरेकडच्या गोलखालची जमीन

परम दयाळू अल्लाहचं नाव घेऊन, मी, धन्नून युनिस अल-नक्कार, राहणार मोसुल, उजवा तीर, नक्कारांची गल्ली, धंदा संगमरवरावर कोरीव काम, अल-जिस्र फुटबॉल क्लबचा एकेकाळचा गोलकीपर, वय वर्षं एक्काहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा आणि उजव्या हाताची दोन बोटं कामातून गेली आहेत, पण मृत्युपत्राला त्यांची गरज लागत नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, मला कोणी भुलवलेलं नाही, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे. पण तो आजचा नाही, चांगला सात वर्षं मुरलेला आहे.

सदर मजकूर आमच्या वकीलबाई अफ्राह यांनी तपासला आहे. यात कायद्याला न लागणारं फार आहे असं त्यांचं मत पडलं. ‘हलकट’ या शब्दाखाली त्यांनी तीन जागी लाल रेघ ओढून दिली आणि म्हणाल्या, “अबू नशवान, हा शब्द कायद्यात बसत नाही हो.” मी म्हटलं, “बाई, माणूस कायद्यात आरामात बसलाय, मग शब्दालाही थोडी जागा करा.” शेवटी दोन ठिकाणचा काढला, एका ठिकाणचा ठेवला.

अबू नशवान म्हणजे नशवानचा बाप. नशवान गेला त्याला सात वर्षं झाली. हाक मात्र अजून त्याच्याच नावाने येते, आणि मी ओ देतो.

कलम १. दफन आणि सुतक.

मला नशवान आणि त्याची आई यांच्या शेजारी पुरावं. दोघांच्या मध्ये जागा आहे, ती मी धरून ठेवली आहे. फातिहाचा, म्हणजे दुखवट्याला येणाऱ्यांचा, तंबू गल्लीच्या तोंडाशी घालावा. लाउडस्पीकर लावू नये. मी आयुष्यभर प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात उभा राहिलो, आता पुरे.

तंबूत मुवफ्फक अल-अत्तार येईल. न येऊन सांगतो कुणाला, तिथे कॅमेरे असतील. मुवफ्फक म्हणजे अल-जिस्र क्लबचा आजचा अध्यक्ष; एकेकाळी माझ्याच संघाचा सेंटर फॉरवर्ड, मग क्लबचा सचिव, आणि यंदाच्या जूनपासून हाजी मुवफ्फक. त्याला बसू द्यावं. खुर्ची द्यावी, पाणी द्यावं. कॉफी देऊ नये. का, ते कलम ७ मध्ये आहे.

कलम २. घर.

शरियतप्रमाणे माणसाला आपल्या मर्जीने फक्त एक तृतीयांश मिळकत देता येते, बाकीची वारसांची. माझी वारस एकच, माझी मुलगी नगम. तेव्हा घर, अंगण, डाळिंबाचं झाड आणि बँकेत जे असेल ते तिचं. जावई घराला रंग काढायचा म्हणतो आहे. काढावा. मात्र वरच्या मजल्यावरच्या भिंतीत गोळ्यांची भोकं आहेत, ती बुजवू नयेत. त्याच भिंतीला टेकून नशवान रेडिओवर सामने ऐकायचा, आवाज इतका बारीक करून की कान जाळीला चिकटवावा लागे. भोकांतून वारा येतो अशी जावयाची तक्रार असेल तर त्याने स्वेटर घालावा.

कलम ३. हत्यारं.

छिन्न्या, हातोड्या, कंपास आणि पाणी मारायचं यंत्र शेजारी शीत याला द्यावं. शीत कोरतो वाईट, पण खोटं कधी कोरत नाही. फक्त एक टोकदार छिन्नी मागे ठेवावी. कलम ५ मधल्या दगडावर पुढेमागे कोणी मुवफ्फकच्या नावाआधी ‘हाजी’ घालायला आला, तर ते खरवडून काढायला ती लागेल.

कलम ४. हातमोजे आणि थोडा इतिहास.

गोलकीपरचे माझे हातमोजे बेहनामला पाठवावेत. बेहनाम आमचा डावा विंगर. आता स्वीडनमध्ये असतो, दर रविवारी चर्चमधून आला की फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “काय रे चिक्कू, जिवंत आहेस का?” सगळा इराक आम्हा मोसुलकरांना चिक्कू म्हणतो. बसऱ्याला खेळायला गेलो की तिथले प्रेक्षक ओरडायचे, “अरे मोसुलवाले गोलसुद्धा काटकसरीने करतात!” खरं होतं. आम्ही नेहमी एक-शून्यने जिंकायचो. एक बेहनाम करायचा आणि बाकीचे मी होऊ द्यायचो नाही.

मुवफ्फकने क्लबचा जो गुळगुळीत कागदावरचा इतिहास छापून घेतला आहे, त्यात हे काही नाही. त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मुवफ्फक आहे. म्हणून इथे चार ओळी लिहितो. पुलाच्या कामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीत नदीकाठी चेंडू खेळत, त्यातून हा क्लब निघाला, म्हणून नाव अल-जिस्र, पूल. इराणच्या लढाईत अर्धा संघ आघाडीवर गेला आणि थोडेच परत आले. जे आले ते लंगडत आले आणि लंगडतच एकोणनव्वदचा उत्तर विभागाचा चषक जिंकले. निर्बंधांच्या काळात बूट मिळत नव्हते. मोची टायर कापून तळ लावून द्यायचा आणि आम्ही उकडलेली अंडी बांधून बारा-बारा तास बसने जायचो. अमेरिकन आले, मग संचारबंदी आली, मग खंडणीवाले आले. आमच्यात सुन्नी होते, ख्रिस्ती होते, कुर्द होते, एक यझिदी बॅक होता. तो हेडिंग करायला उडी मारायचा ती थेट देवाला भेटायला निघाल्यासारखी. एकेक करून सगळे शहर सोडून गेले. क्लब मात्र राहिला. कुलूप लागायचं, निघायचं, पुन्हा लागायचं, पण दर हंगामाला कोणी ना कोणी अकरा जण मैदानावर उतरायचे.

मोज्यांना वास येतो. बेहनामला सांगावं, धुवू नकोस.

कलम ५. उत्तरेकडच्या गोलखालची जमीन.

हे या मृत्युपत्राचं मुख्य कलम. वकीलबाईंनी मोजून पाहिलं आहे, ही जमीन माझ्या एक तृतीयांशात बसते.

अल-जिस्रचं मैदान क्लबच्या मालकीचं आहे, असं सगळे समजतात. दक्षिणेकडचं आहे. उत्तरेकडचा गोल, त्यापुढचा पेनल्टी बॉक्स आणि मागची सगळी जागा आमची, नक्कारांची. आजोबांनी ती क्लबला खेळायला दिली, पण फुकट नाही आणि विकतही नाही. आजोबांची आई वाळवंटातल्या टोळीची होती, तिच्याकडची रीत त्यांनी इथे लावली. तिच्या माणसांत, काही मागायला आलेला पाहुणा समोर आलेली कॉफी पीत नाही. वाटी खाली ठेवतो. यजमान म्हणतो, “बोल, काय पाहिजे.” पाहुणा सांगतो. यजमान म्हणतो, “दिलं. पी.” मगच तो पितो. वाटी न पिता उठला तर यजमानाची चार माणसांत नाचक्की होते, त्याच्या घरी पुन्हा कोणी पाय ठेवत नाही. तेव्हापासून दर हंगामाच्या आधी आमच्या क्लबचा संघनायक नक्कारांच्या दारात येतो, वाटी खाली ठेवतो आणि मैदान मागतो. आजोबांनी दिलं, वडिलांनी दिलं, मी दिलं. आम्हाला याचं दुसरं भाडं कधी नको होतं.

मुवफ्फक अध्यक्ष झाला आणि ही रीत बंद पडली. “आता आपण व्यावसायिक क्लब आहोत, हे टोळीवाल्यांचे चाळे किती दिवस चालवायचे?” असं तो भर सभेत म्हणाला. त्याची समजूत अशी की जमिनीचं दप्तर लढाईत जळून गेलं. अर्धं जळलं. आमचं उरलेल्या अर्ध्यात आहे.

मग त्याने माझ्या जमिनीवर, उत्तरेकडच्या गोलच्या मागे, स्वतःच्या नावाची गॅलरी बांधायला काढली. पाया खणला तेव्हा नगम धावत आली. “बाबा, आपल्या जमिनीवर बांधतायत! तुम्ही काही बोलत का नाही?” मी म्हटलं, “बांधू दे ग. सिमेंट चांगलं वापरतोय का तेवढं बघून ये.” मी रोज संध्याकाळी काठी टेकत जायचो आणि बघायचो. काम खरंच मजबूत झालं. चिक्कू माणसाला यापरता आनंद कोणता, त्याच्या जमिनीवर दुश्मन गॅलरी बांधून देतोय.

ती गॅलरी कोणाच्या नावाने असायला हवी होती ते आता सांगतो.

दोन हजार चौदाच्या जूनमधली ती सकाळ. सैन्य शहर सोडून पळालं होतं आणि काळे झेंडेवाले पुलांपाशी पोचले होते. क्लबने निरोप धाडला होता की उजव्या तीरावरच्या खेळाडूंनी गेटवर जमावं, बस त्यांना एर्बिलला नेईल. बसची किल्ली सचिवाकडे, म्हणजे मुवफ्फककडे. माझा नशवान, माझ्यानंतरचा गोलकीपर, पिशवी खांद्याला लावून सगळ्यांच्या आधी गेला. दुपारी परत आला. पिशवी खाली टाकली आणि हसत म्हणाला, “बाबा, बस आली होती, पण भरलेली होती. माझ्या सीटवर फ्रिज बसला होता.”

मुवफ्फक क्लबच्या बसमधून आपलं घर घेऊन गेला. फ्रिज, सोफा, गालिचे, पडद्यांच्या काठ्यासुद्धा. गेटवर उभ्या असलेल्या पोरांसमोरून गेला आणि थांबला नाही. तो म्हणतो, थांबलो होतो. हाका मारल्या, गेटवर चिटपाखरू नव्हतं. हे त्याने टीव्हीवर सांगितलं, इतिहासात छापलं, आणि मशिदीत हात बांधून उभा असतानाही सांगेल. हलकट हा शब्द मी इथे ठेवला आहे.

दुपारपर्यंत रस्ते बंद झाले आणि नशवान अडकला. दुसऱ्या दिवशी क्लबच्या कपाटातून त्याने एकोणनव्वदचा चषक काढला, आपल्या आईने शिवलेल्या पिठाच्या पोत्यात गुंडाळला आणि उत्तरेकडच्या गोलसमोर पुरला, बरोबर गोलकीपर उभा राहतो तिथे. तिथे गवत कधीच उगवत नाही, म्हणून खणलेलं दिसत नाही. हे गोलकीपरलाच सुचणार. मी तेव्हा बाजूला उभा राहून रस्त्यावर नजर ठेवत होतो.

पुढची तीन वर्षं मैदानावर काळे झेंडेवाले गाड्या लावत. शिट्टी सैतानाची म्हणून शिट्टीवर बंदी. क्लबचा शर्ट अंगात दिसला तर फटके. नशवानने माझ्या दगडांच्या अंगणात खेळ चालू ठेवला. शिट्टीऐवजी हात वर करायचा, आणि भांडाभांडीसुद्धा कुजबुजत व्हायची. सतराच्या वसंतात, उजव्या तीरावर लढाई चालू असताना, तो नदीवरून पाणी आणायला गेला. परत आला नाही. मी त्याला शोधून आणलं तेव्हा डबे त्याच्याजवळच होते आणि त्यांत पाणी होतं. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

शहर मोकळं झालं. मुवफ्फक एर्बिलहून परतला. पडक्या शाळेत क्लबची सभा भरली, आणि मी भर सभेत सांगितलं, चषक सुखरूप आहे, माझ्या मुलाने अमक्या जागी पुरलाय, चला काढू. सगळे रडले. मुवफ्फक सगळ्यांत जास्त रडला, माझ्या गळ्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन मैदानावर पोचलो तर टीव्हीवाले आधीच हजर, आणि मुवफ्फक गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरतो आहे. चषक वर काढला, छातीशी धरला, म्हणाला, “शहर सोडण्याआधी या हातांनी मी हा पुरला होता.” मी ओरडलो. एका पोराने हळूच माईक माझ्यापासून दूर नेला. लोक म्हणाले, म्हातारा मुलाच्या दुःखाने भ्रमिष्ट झालाय. पोतं त्याने खड्ड्यात टाकून दिलं होतं. ते मी उचलून आणलं. ते माझ्या उशाला आहे, माझ्याबरोबर पुरावं.

सबब, माझी इच्छा अशी. वर लिहिलेली जमीन मी अल-जिस्र क्लबला कायमची वक्फ करतो, ती कोणालाही विकता येणार नाही. अट एक. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याआधी गॅलरीवरचं मुवफ्फकचं नाव उतरवावं आणि माझ्या अंगणात ताडपत्रीखाली तयार असलेला दगड तिथे बसवावा. दगडावर मी कोरलं आहे: ‘नशवान धन्नून अल-नक्कार गॅलरी. चषक याने पुरला. मुवफ्फक अल-अत्तार त्या दिवशी शहरात नव्हता. तो बसमध्ये होता, आपल्या फ्रिजबरोबर.’

वकीलबाई म्हणाल्या, “काका, फ्रिज तरी काढा.” मी म्हटलं, “बाई, त्याने काढला असता तर दगड कोरावाच लागला नसता.” त्या हसल्या आणि त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

अट न पाळल्यास सदर जमीन डाव्या तीरावरच्या अल-रबी क्लबला जाईल. हे आमचे जन्माचे वैरी. त्यांनी तिथे काकड्या लावाव्यात, आणि आमच्या सामन्याच्या दिवशी आठवणीने पाणी सोडावं. एका गोलवर फुटबॉल खेळता येत नाही, हे मुवफ्फकसुद्धा जाणतो. तो सेंटर फॉरवर्ड होता, त्याला फक्त समोरचाच गोल दिसायचा, तरी.

कलम ६. गप्प राहिलेल्यांसाठी.

त्या सभेत माझं बोलणं ऐकलेले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर मान खाली घालून उभे राहिलेले पाच जण आज क्लबच्या कार्यकारिणीत आहेत. नावं लिहीत नाही, गल्लीला माहीत आहेत. प्रत्येकाला माझ्या तळघरातली सलगमच्या लोणच्याची एक बरणी द्यावी. तोंड भरलेलं असलं की गप्प बसायला त्यांना बरं पडतं.

कलम ७. मुवफ्फक अल-अत्तार यास.

त्याच्यासाठी मी एक वस्तू ठेवली आहे. कशी ठेवली ते असं.

हजला जाणाऱ्याने ज्याचं वाईट केलं असेल त्याच्याकडून आधी माफी घ्यावी लागते. नाहीतर एवढा प्रवास अंगाला फक्त ऊन लावून आणतो. यंदा मे महिन्यात मुवफ्फक माझ्याकडे आला, सोबत मुख्तार, म्हणजे आमच्या गल्लीचे मुखिया, आणि शहरातले दोन मोठे शेख. मी खरंच घाबरलो. मला ठाऊक होतं काय होणार. नगम कॉफी आणणार, तो वाटी खाली ठेवणार, माफी मागणार, आणि या पांढऱ्या दाढ्यांसमोर मला “दिली, पी” म्हणावंच लागणार. आजोबांची रीत माझ्याच गळ्याला फास लावणार होती.

नगमने कॉफी ओतली. शेखांनी वाट्या हातात घेतल्या आणि मुवफ्फककडे बघू लागले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मक्केतल्या हॉटेलवाल्याचा. “नाही, नाही, खोली काबाच्या बाजूची पाहिजे! लिफ्टजवळची नको!” असं ओरडता ओरडता त्याने वाटी उचलली आणि दोन घोटांत रिकामी केली. वर ती बोटांत धरून हलवली, म्हणजे आणखी नको, आणि नगमच्या हातात परत दिली. इतकी वर्षं हॉटेलांत काढली की माणूस विसरतो, कुठे कॉफी नुसती कॉफी असते आणि कुठे नसते.

मुख्तारांनी डोळ्यांवर हात घेतला. धाकटे शेख छताकडे बघू लागले.

फोन ठेवून त्याने घसा साफ केला. “अबू नशवान, मी अल्लाहच्या घरी चाललोय. मला माफ करा.”

“कॉफी कशी होती?” मी विचारलं.

“छान होती.”

“मग झालं तर. ज्यासाठी आलास ते मिळालं. वाटीसुद्धा हलवलीस.”

त्याने मुख्तारांकडे पाहिलं, मग रिकाम्या हाताकडे, आणि त्याचा चेहरा पडला. “चेष्टा करू नका. जे काही झालं असेल त्याची माफी मागतोय मी.”

“काय झालं होतं?”

“आता चार माणसांत कशाला ते...”

“चषक तू टीव्हीवर चार लाख माणसांत काढलास,” मी म्हटलं. “मैदानाच्या मधोमध उभा राहा, गॅलऱ्या भरलेल्या असताना. सांग, चषक नशवानने पुरला, बस थांबली नव्हती, गेटवर माणसं होती. एवढी तीन वाक्यं. मग ये, नवी कॉफी करू.”

तो उठला. मुख्तार जाताना माझ्या कानाशी लागले. “अबू नशवान, नशीब तुझं, तो फोन आला.” मी म्हटलं, “फोन करणाऱ्याला अल्लाह बरकत देवो.” त्या रात्री मी सात वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसलो. नगम दाराआडून बघत होती, ती आधी हसली आणि मग रडली.

मुवफ्फक हजला गेला तो तसाच गेला. खजूर पाठवले होते, ते मी शेजारच्या बकऱ्यांना घातले.

तेव्हा मुवफ्फकला मी ती वाटी देतो. फडताळात उजवीकडे आहे. विसळलेली नाही, तळाशी त्याचा गाळ सुकलेला आहे. आणि या मृत्युपत्राने सर्वांसमक्ष जाहीर करतो की मी त्याला माफ केलेलं नाही. मरताना माफ केलं असं कोणी मागाहून सांगेल तर ते खोटं समजावं. ती तीन वाक्यं तो मैदानात बोलला, तरच त्याची माफी नगमच्या हाती राहील. तिने त्याच वाटीत कॉफी ओतावी, त्याने ती खाली ठेवावी, आणि मग “पी” म्हणायचं की नाही ते तिने ठरवावं. तिचा भाऊ होता.

कलम ८. मागाहून घातलेलं.

इथवर लिहून झालं होतं. मुख्तारांची साक्षीदार म्हणून सही ठरली होती, दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. सगळ्यांना मजकूर आवडायचा आणि सगळ्यांना ऐन वेळी पाठदुखी व्हायची.

गेल्या शुक्रवारी नमाजानंतर दार वाजलं. दारात लैस. लैस म्हणजे मुवफ्फकचा थोरला मुलगा, यंदा अल-जिस्रचा संघनायक झालेला. मिडफिल्डला खेळतो, बापापेक्षा बरा खेळतो, कारण पास देतो. क्लबचा शर्ट घालून एकटा आला होता. मी म्हटलं, बस. नगमने काही न विचारता कॉफी ओतली.

त्याने वाटी खाली ठेवली.

मी त्या वाटीकडे बघत राहिलो. मला वाटलं, बापाने पाठवलंय. स्वतःला जमलं नाही म्हणून पोराला पढवून धाडलंय. आता हा बापाची माफी मागणार, आणि वाटी तर भरलेली आहे.

“बोल,” मी म्हटलं. “मैदान मागायला आलास?”

“ते तर मागायचंच आहे, काका. पण आधी दुसरं.”

“बापासाठी आला असशील तर—”

“त्यांचं त्यांनी मागावं,” लैस म्हणाला. “मला तुमच्या मृत्युपत्रावर सही करायची आहे. साक्षीदार म्हणून.”

नगमच्या हातातली किटली टेबलाला आपटली.

“तुला माहीत आहे त्यात काय आहे?”

“सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही कोरताना मोठ्याने वाचता.”

“मग दगड कोणाची इज्जत काढणार तेही माहीत असेल.”

“माझ्याच बापाची. आणि घरी गेल्यावर मला दार उघडतील की नाही, तेही ठाऊक नाही.” तो खाली बघून बोलत होता. “काका, मी त्या बसमध्ये होतो. मागच्या काचेशी, फ्रिजला टेकून. परत आल्यापासून मी जेव्हा जेव्हा त्या गोलसमोर खेळतो तेव्हा मला...” मग त्याने वाटीकडे पाहिलं. म्हणाला, “कॉफी गार होतेय.”

मला सूड हवा होता. सात वर्षं मी तो दगडात कोरत होतो. तो असा येईल, बापाचेच डोळे घेऊन, माझ्यासमोर मांडी घालून बसेल आणि भरलेली वाटी खाली ठेवेल, हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला ते जमलं नसतं. मी म्हटलं, “साक्ष दिली. मैदानही दिलं. पी.”

तो प्यायला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

म्हणून या कलमाने ठरवतो की हे मृत्युपत्र माझ्यानंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याआधी मैदानाच्या मधोमध मोठ्याने वाचावं, आणि वाचणारा दुसरा साक्षीदार असावा. अध्यक्ष पुढच्या रांगेत बसतात. त्यांना ऐकू जाईल. यापुढे दर हंगामाआधी संघनायकाने नगमच्या दारात यावं, वाटी खाली ठेवावी आणि मैदान मागावं. नगमने द्यावं. ती गणित शिकवते, कोण किती खरं बोलतो तिला बरोबर कळतं.

मुवफ्फकला मी माफ केलेलं नाही. पुन्हा लिहितो, कारण कलम ८ वाचून कोणाला वाटेल की म्हातारा विरघळला.

येणेप्रमाणे जे बोलायचं ते बोलून झालं. याआधीचं माझं दुसरं मृत्युपत्र नाही, यानंतरचं होणार नाही, आणि यातलं एक अक्षर बदलण्याचा हक्क माझ्यामागे कोणालाही नाही, दगडावरचं तर नाहीच नाही.

स्थळ: मोसुल, उजवा तीर, माझं घर.
तारीख: १४ सप्टेंबर २०२४, रबी-उल-अव्वल १४४६.

लिहून ठेवणार: धन्नून युनिस अल-नक्कार (सही, दोन बोटं चालत नाहीत म्हणून वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला: अब्दुल-मुहसिन अल-सफ्फार, मुख्तार, नक्कारांची गल्ली. मजकूर माझ्यासमोर वाचला. माझ्या घरी यातली गोष्ट कोणी विचारू नये.

साक्षीदार दुसरा: लैस मुवफ्फक अल-अत्तार, संघनायक, अल-जिस्र फुटबॉल क्लब. मजकूर मी पूर्ण वाचला. गेटवर माणसं होती. नशवानदादाने हात वर केला होता. बस थांबली नाही.